फुटक्या घागरीचा गाभा

अख्ख्या सास्तूर गावात तात्यांना माझ्यावाणी हुशार विद्यार्थी मिळाला न्हाय. प्रौढांच्या वर्गात आमी सात जण. बाकीचे सहा डेअरीला दूध घालून आले की भिंतीला टेकून घोरायचे, मी तेवढा डोळे उघडे ठेवून झोपायचो.

तात्या म्हंजे आमच्या साडूचे वडील, रिटायर मास्तर. हरेक गोष्टीच्या पोटात एक गाभा असतो आन् तो काढल्याबिगर माणसानं उठू न्हाय, असं मानणारा दुसरा इसम म्या पाह्यला न्हाय. एकदा उमरग्याच्या यष्टीत दोन बाया खिडकीवरनं भांडत व्हत्या. तात्या मधी उभं राहून इचारतात, "बायांनो, ह्या भांडणाचा मध्यवर्ती विचार काय?" दोघींची तिथंच एकी झाली आन् तात्यांना अलीकडच्या थांब्यावर उतरावं लागलं. दवाखान्यात म्हणले, "डॉक्टर, गोळ्या ऱ्हाऊ द्या, खोकल्याचा गाभा सांगा." डॉक्टर म्हणले, "बिडी." एका शब्दात गाभा! तात्या इतके खूश, की बाहेर येऊन त्याच आनंदात त्यांनी एक बिडी वढली.

काकी, म्हंजे तात्यांची बायको, गेल्यापासनं वर्गावरच त्यांचा जीव. संध्याकाळच्या वर्गासाठी दुपारपासनं फळा पुसत बसायचे. आन् एका दुष्काळाच्या साली उस्मानाबादचे शिक्षणखात्याचे साहेब वर्ग तपासायला आले. त्यांनी आल्या आल्या सांगितलं, "माणसं नुसती बसायला येत असतील, तर वर्ग बंद करावा लागंल."

तात्यांनी खडू ठेवून पुस्तकातली गोष्ट वाचली. बहीण-भाऊ लांबच्या विहिरीवरनं पाणी आणतात. घरापाशी आल्यावर भावाच्या धक्क्यानं घागर फुटते. आई विचारती, "कुणी फोडली?" पोरगी म्हणती, "म्या." पोरगा म्हणतो, "न्हाय, म्या."

साहेबांनी नेमकं मलाच उठवलं. "सांगा, गोष्टीचा मध्यवर्ती विचार काय?"

म्या छाती काढून म्हणलं, "पाणी सांडलं, साहेब! डोक्यावर घागरीखाली चुंबळ नीट बसवली नसंल."

तवर घोरणारेबी जागे झाले. "मातीची घागर द्यावीच कशाला लेकरांकडं?" "सांडलेलं निदान म्हशीला तरी..." तीन मैलांवरनं पाणी आणणारा गाव, लेकरं कुणाला दिसतात? तात्या खाली बघत व्हते. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात दारात रिकामी किटली घेऊन उभी असलेली आमची कारभारीण बोलली, "पाण्याचं न्हाय ओ साहेब. एकमेकाचा मार आपल्या अंगावर घ्यायला बघत्यात लेकरं."

साहेब थांबले. "बाई, तुमी ह्या वर्गात?"

"न्हाय. मालकांना न्यायला येती रोज, तवा दारातनं ऐकती."

साहेबांनी हजेरीत आठवं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं आन् वर्ग चालू ठेवा म्हणले. तात्या मटकन खुर्चीत बसले, चष्मा पुसत ऱ्हायले. माझ्याबी जिवात जीव आला. माझ्यापायी वर्ग बुडाला असता तर साडूला तोंड कसं दावलं असतं?

आता तात्या न्हायत. गावात भांडणं व्हत्यात, पर मधी उभं राहून गाभा विचारणारं कुणी न्हाय. परवा त्यांची लई आठवण आली, तवा म्या कारभारणीला म्हणलं, "खरं सांगू का? मला अजूनबी वाटतं, लेकरं चांगली, पर पाणी वायाच गेलं."

ती म्हणली, "पाण्याचं सोडा. तात्यांचं अख्खं वर्ष तुमच्यावर वाया गेलं."