मी मारलेला चुलतभाऊ

आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. लग्नं असोत, बारसं असो — पोरं माझ्याभोवती गोळा होतात आणि मी सासूपासून म्हशीपर्यंत सगळ्यांचे आवाज काढून दाखवतो. एवढ्या बडबडीत ही एक गोष्ट मात्र कधी तोंडातून निघाली नाही. बायकोपुढेही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही ओळखीचे नाही — म्हणूनच बहुधा.

वाशिमला एका कचेरीत मी कारकून आहे. घरी एवढा बोलका माणूस तिथं मुका. माझ्या टेबलाभोवतीच्या मंडळींना जे आवडतं, त्यातलं मला काहीच रुचत नाही — क्रिकेट, शेअर बाजार, गोव्याची सहल, ढाब्यावरची बिर्याणी. प्रयत्न केला नाही असं नाही. सकाळी पेपरातली खेळाडूंची नावं पाठ करून जायचो. एकदा कधीच निवृत्त झालेल्या बॉलरचं नाव घेऊन म्हणालो, ‘काल काय टाकली त्यानं!’ तेव्हापासून माझ्यासमोर खेळाचा विषयच बंद झाला. डबा खाताना मी त्यांच्यातच बसायचो, आणि — कसं सांगू — बसलेलो नसायचो.

मग मला आवडायचं काय? गावचं नाटक. तरणा होतो तेव्हा रिठदच्या आमच्या नाटकात मी बाईचं काम करायचो. हसा, हसा. मिशी फुटल्यावरही करायचो — दोनदा दाढी घोटून. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं एक गाणं माझ्या वाट्याला होतं. आजूबाजूच्या गावांत, पार जऊळक्यापर्यंत खेळ व्हायचे. ते गाणं सुरू झालं की समोरच्या बाया पदर डोळ्याला लावत. आयुष्यात मला जमलेली तेवढी एकच गोष्ट. पण कचेरीत तिचा शब्द कसा काढणार? साडी नेसून नाचणाऱ्या कुणा माणसाचा व्हिडिओ मोबाईलवर आला, की सगळे लोळायचे. सगळ्यात मोठ्यानं कोण हसायचं? — बरोबर.

मग समाधान नावाचा एकजण आमच्या कचेरीत बदलून आला. जऊळक्याचा, माझ्यासारखाच कारकून, वयानं लहान. त्या हिवाळ्यात एकाच्या वावरात आमची पार्टी होती — गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे रोडगे आणि वरण. जेवणं झाली, कुणीतरी मोबाईलवर गाणी लावली. समाधान कधीचा माझ्याकडे बघत होता.

“भाऊ, तुमी रिठदचे नं? नाटकातली बाई तुमीच नं? बाप्पा! मायच्या मांडीवर बसून पाह्यलं म्या तुमाले!” मग इतरांकडे वळून — “अरे, बंद करा तो मोबाईल. अख्खा जऊळका रडवला होता या मानसानं!”

त्याचा चेहरा असा फुलला होता! पण मी बाकीच्यांचे चेहरे बघत होतो.

“काहो, साडी कोन्या रंगाची होती?” एकानं विचारलं.

“मी नाही बाप्पा,” मी म्हणालो. “माझा चुलतभाऊ तो. चेहरा मिळतो आमचा. वारला बिचारा.”

असा चुलतभाऊ मला कधीच नव्हता. वारला हे तरी कशाला जोडलं? कुणी त्याला भेटायचं म्हणू नये म्हणून. हुशारी बघा.

“समाधानले मानसात बाई दिसून राह्यली!” कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. मीही. आणि खरं सांगू — त्या दुपारी पहिल्यांदा मला त्यांच्यात बसल्यासारखं वाटलं. बरं वाटलं.

पुढं एकदा तो मला जिन्यात एकटा भेटला. “भाऊ, तुमीच नं? कोनाले नाही सांगत मी. माय अंथरुनावर हाये. ते गानं अजून गुनगुनते. एक डाव घरी या, दोन ओळी म्हना तिच्यापाशी.”

जिन्यात कुणी नव्हतं. हसणारं कुणी नव्हतं. मग मी कुणाला भ्यालो?

“सांगितलं ना, वारला तो,” मी म्हणालो. जरा चिडूनच.

जऊळका काय लांब आहे? सुट्टीच्या सकाळी निघालो असतो तर जेवायला घरी आलो असतो. गाणं तेव्हाही अख्खं पाठ होतं. आजही आहे.

उन्हाळ्यात त्याची माय गेली. कचेरीतले आम्ही सगळे भेटायला गेलो. बाकीचे अंगणात टेकले, तेव्हा समाधाननं मला बाजूला घेतलं.

“मायले सांगतलं होतं भाऊ, तो मानूस वारला म्हनून. लय रडली. घरचंच कोनी गेल्यावानी. जेवली नाही त्या दिवशी.” मग त्यानं हात जोडले. “आन् म्या तुमाले चारचौघात भलतंच म्हनलं. तुमचा भाऊ गेलेला, वरून तुमचंच हसू केलं. चुकलं माहं. माफ करा.”

तेव्हा तरी? तोंड उघडलं होतं मी. शब्द जिभेवर होते — अंगणातून कुणीतरी आमच्याकडे पाहिलं, एवढंच.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, “जाऊ दे. होते चूक.”

म्हणजे मी त्याला माफ केलं. तो हलका झाल्यासारखा दिसला. शेजारच्या घरून चहा आला होता. पहिला कप त्यानं माझ्या हातात दिला. मी तो प्यालो.