त्या पट्ट्यातले उंदीर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि आजही कुठून सुरू करू कळत नाहीये — गणपतीपासून की उंदरांपासून?

उंदरांपासूनच करते. इथे अमेरिकेत, बॉथेलला आल्यावर किती वर्षं घरात बसून काढली, मग एकदाचं वर्क परमिट आलं आणि मला जंगलातलं काम मिळालं. लाकूड कंपनीने डोंगरावरचं जंगल तोडताना मध्ये झाडांचा एक पट्टा राखला होता. त्यात छोटे प्राणी तग धरतात का, एवढंच बघायचं. संध्याकाळी पत्र्याच्या ट्रॅप्समध्ये ओट्स आणि पीनट बटरचे गोळे ठेवायचे — लाडू वळावेत तसे वळायचे मी! सकाळी आत कोण आलंय ते बघून सोडून द्यायचं. काहीही झालं तरी सकाळी जायचंच, नाहीतर अडकलेला जीव गारठून मरतो. माझी बॉस लिंडा हे सारखं बजावायची.

सगळा सीझन ट्रॅप्स रिकामे. शेवटची फेरी लावली ती नेमकी गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी. सकाळी जाणार होते, खरंच. पण घरी मंडळी यायची, मोदक व्हायचे — म्हटलं, इतके दिवस कोण आलंय! तेवढ्यात लिंडाचा फोन. "एनीथिंग?"

"नथिंग," मी म्हटलं. हाताला उकड चिकटलेली. शेजारी माझी लेक गणपतीच्या उंदरापुढे चिमुकला मोदक ठेवत होती. "आई, ही इज हंग्री टू!"

दुसऱ्या दिवशी ट्रॅप्स उचलायला गेले. दारं मिटलेली. आत लालसर पाठीचे रानउंदीर — ओले, ताठ झालेले. एकीच्या तर — जाऊ दे. नाही, सांगते. एकीच्या पोटाशी पिल्लं होती. आतच व्यालेली.

तेव्हा तरी फोन करायचा ना? नाही केला. नोकरी जाईल म्हणून घाबरले. शेवाळ उचकटलं, सगळ्यांना खाली पुरलं, ट्रॅप्स ओढ्यात धुतले.

पट्ट्यात कुणीच राहत नाही, असा रिपोर्ट गेला. पुढच्या उन्हाळ्यात कंपनीने तो पट्टाही साफ केला. लिंडा आणि मी बघायला गेलो तेव्हा नुसते बुंधे उरले होते. लिंडाला वाईट वाटत होतं. म्हणाली, निदान इथे कुणाचं घर तरी नव्हतं.

होतं. मी त्यांच्यावरच उभी होते बहुतेक. आणि मी मान डोलावली.