शेऱ्याखालचं नाव

"ए बाई, हे कुणाकडून लिहून आणलंस?"

चाळीस बायकांसमोर क्वालिटी ऑफिसरने माझा कागद नाचवला. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये मी अकरा वर्षं द्राक्षं तपासतेय. त्या दिवशी एक लॉट नापास केला आणि शेऱ्याच्या रकान्यात पहिल्यांदाच इंग्रजीत लिहिलं. 'द बेरीज आर सॉफ्ट टू द टच.' मणी हाताला मऊ लागतात. हे शब्द मुलीच्या धड्यात सापडले होते. आठवडाभर घोकले. कणीक, उशी, पिकला पेरू, दिसेल त्यावर वाक्यं केली. मुलीने तपासली.

"मीच लिवलंय, साहेब."

"तुमच्या वस्तीत इंग्रजी कधी पोचलं? लिही बोर्डावर. दुसरं वाक्य कर."

मी बोर्डापाशी गेले. कणकेचं वाक्य लिहिलं. बरोबर होतं. त्यालाही ते कळलं, म्हणूनच तो जास्त हसला. "वा, मॅडम लंडनला निघाल्या!" बायकाही हसल्या. माझी सख्खी जाऊसुद्धा. ते जास्त लागलं. मग त्याने बोर्ड तळहाताने पुसून टाकला.

संध्याकाळी माल घेणाऱ्या परदेशी पार्टीला जाणारा रिपोर्ट छापून आला. वाक्य माझंच, जसंच्या तसं. खाली तपासणारा म्हणून नाव त्याचं.

दुसऱ्या दिवशी तो टेबलापाशी आला. आवाज एकदम मवाळ. "ताई, कालच्यासारखं लिहून द्या ना. पार्टीला आवडलं."

ताई! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"देते. खाली नाव माझं लागंल."

"तशी पद्धत नाही इथे."

"मग मणी तुमीच दाबून बघा."

रागाने त्याने घड उचलला. मुठीत, मधोमध. आमच्याकडे पहिल्या दिवशी आलेली पोरगीही घड देठानेच धरते, नाहीतर मण्यांवरची पांढरी झाक पुसली जाते आणि माल बाद होतो. घडावर त्याची पाचही बोटं उमटली. चाळीस बायकांनी पाहिलं. या वेळी कुणी हसलं नाही.

तो घड मी बाजूला काढला. कागद ओढला. इंग्रजीत शेरा लिहिला आणि खाली माझं नाव, पूर्ण, आडनावासकट.

त्याने तो कागद फाडला. मी दुसरा घेतला. कामावरून काढलं तर दुसऱ्या पॅकहाउसात जाऊन लिहीन. पण माझ्या बोटांना कळलेलं आता दुसऱ्याच्या नावावर जाणार नाही.