रांगेतला बातमीदार

कोरोनात लोकल बंद होत्या, तेव्हा माझी सून बदलापूरहून एसटीनं इस्पितळात कामाला जायची. मी तिला सोडायला जायचे. रांगेत एक बातमीदार रोज उभा असायचा. कुठली बस आली नाही, अंबरनाथच्या कारखान्यांत कुणाची नोकरी गेली, ते तो लिहायचा.

बस आली, की जागा मागच्याला देऊन हा पुन्हा शेवटी.

"मावशी, रांगेत उभं राहिलं की माणसं खरं बोलतात," म्हणायचा.

एकदा शेवटची जागा त्यानं सवयीनं सुनेला दिली. बस सुटली नि त्यानं कपाळाला हात लावला. "आज मलाच जायचं होतं, मावशी. पेपरात माणसं कमी करतायत. साहेबांनी दहाला बोलावलंय."

सून वेळेवर पोचली. तो मात्र त्यानंतर रांगेत दिसला नाही. त्याची नोकरी राहिली का, हे आता कुणाला विचारू? मी त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.