डाव्या हाताची मूठ

“डोळे मिट, अम्मा. हात वर कर. आता उघड आणि बघ, कुठे आलीस.”

बाई दर वेळी हेच म्हणायच्या. शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला त्या अम्मा म्हणत. डोळे उघडले की माझं पिस्तूल समोरच्या कागदावरच्या काळ्या गोलापासून हातभर लांब रोखलेलं असायचं. मी हात ओढून गोलावर आणू लागले की त्या कोपराखाली एक बोट लावत. “हात नक्को ओढू. पाय हलव. ओढलेला हात परत जातो.”

जामबागेतल्या एका शाळेच्या मागच्या लांबट खोलीत, शाळा सुटल्यावर, त्या मुलींना नेमबाजी शिकवत. त्याच शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या शिक्षिका. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, कमरेला किल्ल्या. सुलतान बाजारात साडीच्या फॉलचा रंग जुळवत उभ्या असलेल्या त्या तुम्ही पाहिल्या असत्या, तर ही बाई दहा मीटरवरचा ठिपका उडवते हे तुम्हाला पटलं नसतं.

मी तिथे शिकायला गेले नव्हते. हे आधीच सांगून टाकते.

गौलीगुड्यात आमचा तरुणांचा गट आहे. आम्ही पत्रकं काढतो आणि वाटतो. शाळेच्या फाटकावर पिस्तूल धरलेल्या मुलींचा फोटो पाहिला आणि माझं डोकं फिरलं. शाळेत हत्यारं? गटाने सांगितलं, आत जाऊन बघ, मग लिही. बाई बाहेरच्या मुलींनाही घेत. मी शिकाऊ म्हणून नाव घातलं.

“डावरी?” बाई खूश झाल्या. “मग हे नवं तुझंच. अजून कुणी हात लावला नाही.”

पिस्तूल हवेचं होतं. त्यातून मुगाएवढा, चपट्या तोंडाचा छर्रा उडायचा. पण त्याची मूठ उजव्या हाताची. बाईंनी ती काढून टाकली आणि सागवानाचा एक ठोकळा आणला. माझ्या तळव्याला फळ्यावरच्या खडूची भुकटी चोळायची, ठोकळा मुठीत घट्ट धरायला लावायचा, आणि जिथे पांढरं उमटेल तिथे कानस चालवायची. पुन्हा खडू, पुन्हा कानस, शेवटी काचकागद. तीन आठवडे माझ्या एका हातासाठी.

नवं पिस्तूल छर्रे कुठेही फेकायचं. मी चिडायची. “पहिले पाचशे छर्रे ते पाहुणं असतं. पाहुण्याला नावं ठेवू नयेत, आपलं चुकलं म्हणावं.” नळीच्या टोकावरच्या खुंटीला त्या मक्खी म्हणत. “मक्खी बघ, गोल नक्को बघू. गोल कुठे पळून जात नाही.”

एकदा माझा एक छर्रा बरोब्बर मध्ये लागला. मी ओरडलेच. बाईंनी कागद उजेडात धरला. “एक मध्ये, नऊ रानात. हा नेम नव्हे, नशीब. आधी दहाही एका जागी येऊ देत. मग जागा चुकली तरी चालते. जागा दोन टिचक्या फिरवून नीट करता येते.” त्यासाठी पिस्तुलावर एक बारीक स्क्रू असतो.

पाचशेच्या पुढे कधीतरी दहाही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशी आली. गोलाच्या बाहेर, पण एका जागी. बाईंनी तो कागद घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहायला बसले.

‘शाळेत लहान मुलींच्या हाती हवेची पिस्तुलं दिली जात आहेत.’ मोठ्याने वाचून पाहिलं. वाक्य फुसकं वाटलं. मी ‘हवेची’ खोडलं. आता कसं, चावतंय. मी खोटा एकही शब्द लिहिला नव्हता. फक्त एक काढला होता.

आठवड्याच्या आत पालक फाटकावर जमले आणि खोलीला कुलूप लागलं. गटात माझ्यासाठी टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी बाई त्या खोलीच्या पायरीवर बसल्या होत्या. हातात पत्रक. “तू लिहिलंस?”

“हौ, बाई.”

त्यांनी ते पिस्तुलासारखं ताठ हाताने लांब धरलं आणि पहिल्या शब्दापासून वाचलं. मग एका ओळीवर बोट ठेवलं. “इथे हवेची म्हणायचं राहिलं.”

“छापताना राहिलं असेल.”

“असेल,” बाई म्हणाल्या. मग कागदाची घडी करत म्हणाल्या, “सगळं एका जागी आलंय. जागा चुकली.”

पुढचं, दोन टिचक्यांचं वाक्य मला पाठ होतं. मी त्याची वाट पाहत उभी राहिले. ते त्यांनी म्हटलं नाही.

मी दुरुस्तीचं पत्रक लिहिलं, अगदी ‘हवेची’सकट. गटात म्हणाले, “आपणच आपल्याला खोटं पाडायचं? वेडी आहेस काय?” मी फार भांडले नाही. सरकारशी, शाळांशी, रिक्षावाल्यांशी भांडणारी मी, पण ते पत्रक न छापताच घडी करून ठेवून दिलं.

बाई नांदेडला बहिणीकडे गेल्या, हे मला शाळेच्या चौकीदाराकडून कळलं. त्याने एक पुडकं दिलं. “मॅडम बोले, ये तुम्हाराच है, और किसी के काम का नै.”

आत ती मूठ होती.

आता ती गटाच्या टेबलावर असते, पत्रकं उडू नयेत म्हणून. येणारेजाणारे उचलून बघतात. कुणाच्याच हातात ती बसत नाही. मी उचलली की अंगठा आपोआप खळग्यात जातो. खाचेत अजून खडू आहे.

“काय आहे गं हे?” विचारतात.

“लाकूड,” मी सांगते.