दिंद्रुडला मी दिलेलं शून्य

स्वस्थ बसणं माझ्या पत्रिकेतच नाही. नेदरलँड्समधल्या माझ्या जुन्या प्राध्यापकांनी विचारलं, "मराठवाड्यातल्या एखाद्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातून आमच्या कार्यशाळेसाठी एक मूल निवडशील का?" त्यांना उत्तर पाठवायच्या आधी मी गाडीत पेट्रोल भरून आले होते.

पुणे, अहिल्यानगर, जामखेड, बीड, मग वडवणी-तेलगाववरून दिंद्रुड. पहाटे निघालात तर दुपारी पोचाल. जामखेडच्या पुढे मोठं हॉटेल शोधू नका; टपरीवर साठ रुपयांत धपाटे-दही मिळतं, ठेचा मागाल तितका. मी उभ्याउभ्याच खाल्लं.

शाळेत पाच ज्वालामुखी होते. सहाव्या टेबलावर नववीतली सुरेखा, पोतं आणि सायकलच्या ट्यूबचा पट्टा घेऊन. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना आईची मान धरते. या पट्ट्याने वजन खांद्यांवर येतं. मी तो बांधून पाहिला आणि मला खरंच तिचा हेवा वाटला.

"कल्पना कुणाची?"

तिने शेजारी उभ्या सरांकडे पाहिलं. "सरांची. सरांनीच शिकवलं, मॅडम."

"करताना काय चुकलं?"

"काईच न्हाई चुकलं."

माझा विरस झाला. नेदरलँड्समध्ये चार वर्षं मला हेच शिकवलं होतं: स्वतःची कल्पना सांग, फसलेले प्रयोग दाखव. प्राध्यापकांनी पाठवलेल्या निवडीच्या फॉर्ममध्ये निम्मे गुण त्यालाच होते. दोन्ही रकान्यांत शून्य टाकलं आणि घाईघाईत तिथूनच फोनवरून पाठवूनही दिलं.

निघताना सर चहा घेऊन आले. "पोरीचं जमंल का, मॅडम?"

"कल्पना तुमची ना, सर?"

ते हसायलाच लागले. "माझी? मी तर तिला ज्वालामुखी कर म्हणलो व्हतो! चार डाव तुटला तो पट्टा. पण पाव्हण्यांसमोर सरांना बाजूला सारून 'मी केलं' म्हणंल का कुणी?"

त्या वयात मी तरी कुठे म्हणत होते? शाळेतली सगळी बक्षिसं 'बाईंमुळे' म्हणतच घेतली होती. चार वर्षांत विसरले! स्वतःचा इतका राग फार दिवसांनी आला.

दुसऱ्या दिवशी धर्मापुरीचं जुनं देऊळ पाहायचं ठरलं होतं. वाकडी वाट करून जाण्यासारखं आहे, तुम्ही जरूर जा. मी मात्र आवारात येरझाऱ्या घालत प्राध्यापकांना फोन लावत राहिले. अखेर फोन लागला; सगळं ऐकून ते म्हणाले, "गुण आता बदलता येणार नाहीत. पण रविवारी आम्ही तिच्याशी बोलू, मग ठरवू. तिचं तिला सांगू दे."

रविवारी व्हिडिओ कॉलवर मी पुण्यात घरी, सुरेखा तिच्या शाळेत, प्राध्यापक तिकडे. दुभाषी मी. त्यांनी नेमकं तेच विचारलं: हे कुणी केलं?

"सरांनी शिकवलं," सुरेखा म्हणाली. सर मागेच उभे होते.

मी इंग्रजीत सांगितलं, "ती म्हणते, मी केलं. चार वेळा तुटलं."

ती निवडली गेली. शाळेने पेढे वाटले. मी मात्र तेव्हापासून घरात एका जागी बसलेली नाही, कारण तिकडे कार्यशाळेत पहिल्याच दिवशी तिला हाच प्रश्न विचारतील आणि मी शेजारी नसेन. म्हणून रोज संध्याकाळी फोनवर तिच्याकडून 'मी केलं' वदवून घेते. ती म्हणते, अगदी हळू. आणि लगेच विचारते, "मॅडम, सरांना वाईट न्हाई ना वाटणार?"