अमावस्येचं पाणी
यवतच्या बाजारात सुकटीचा वास आला की मला माहेरचा किनारा आणि लाटांत गळ टाकून उभे असलेले माझे सासरे आठवतात. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ते आम्हा दोघांबरोबर कोकणात आले होते. भीमेवर त्यांचा गळ कधी रिकामा आला नव्हता, त्यामुळे निघताना खुटबावच्या पारावर सांगून आले होते, आता समुद्राचा मासा आणतो. मी अमावस्येला जाऊ म्हणत होते. त्यांनी कॅलेंडर बघून अष्टमीचा चांगला दिवस काढला. अष्टमीच्या भरतीला जोर नसतो, मासा काठाला येत नाही. दोन दिवस उभं राहून त्यांच्या हाती शेवाळ लागलं. "तुज्या समुद्रात मासं हायेत का न्हाई? अमावस्येच्या आत घर गाठायचं." मी पदर खोचला. "आबा, अमावस्येपर्यंत थांबा. त्या दिवशी उधाण असतं. मासा नाही लागला तर मी मासे खायचे सोडते." पारावर रिकाम्या हातानं जायचं जिवावर आलं, म्हणून ते थांबले. अमावस्येच्या सकाळी पाणी धडका देत चढलं, तळची वाळू ढवळून निघाली आणि त्यांच्या गळाला असा हिसका बसला की टोपी वाहून गेली तरी त्यांना कळलं नाही. हातभर लांब रावस होता. "व्हय गं पोरी," एवढंच म्हणाले. परवा घरी नवा ट्रॅक्टर आणायचा दिवस ठरत होता. मध्ये अमावस्या येते म्हणून सगळे अडून बसले, तेव्हा आबांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि माझ्या हातात दिलं.